पहिलीच्या पाटीवर कोणी लिहावे?

हरिहरेश्वराची प्रदक्षिणा ओहोटी पाहून करावी लागते. कालभैरवाचे दर्शन घेऊन देवळामागील टेकडी चढावी, कड्यांमधील पायऱ्यांनी खाली उतरावे आणि लाटांनी कोरलेल्या काळ्या खडकांवरून चालत पुन्हा देवळाशी यावे, असा हा मार्ग आहे. भरतीच्या वेळी तो पाण्याखाली जातो. गावातील लहान पोरालाही हे ठाऊक असते. शहरातून आलेल्या शिकलेल्या माणसाला मात्र ते सांगावे लागते, आणि सांगूनही न ऐकणारे निघतातच. मार्ग चांगला असला तरी त्यावर पाऊल टाकण्याची वेळ चुकली तर पुण्याऐवजी प्राणावर बेतते, एवढे शहाणपण त्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे.

श्रीवर्धन तालुक्यातील या गावी आम्ही मागे काही दिवस मुक्कामाला होतो. संध्याकाळी देवळाच्या आवारात चार माणसे बसतात, त्यांत आम्हीही बसलो. आम्ही वृत्तपत्रातले, आणि त्याआधीचे शाळामास्तर, हे कळताच बोलणे शाळेकडे वळले. घरगुती खानावळ चालविणाऱ्या एका गृहस्थांची तक्रार अशी, की मुलगी पहिलीत असून तिला इंग्रजीचे शब्द पाठ आहेत; पण आजीला पत्र वाचून दाखव म्हटले तर ती अडते. सुपारीची बाग असलेल्या दुसऱ्या एका पालकाला नातवाची संख्यानामे खटकत होती. आमच्या वेळचे पाढे गेले कुठे, असे त्यांचे म्हणणे. मासळी विकून परत निघालेली एक बाई टोपली टेकवून ऐकत उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, पोराला अजून एक भाषा धड येत नाय, आन्‌ म्हंतात तिसरी शिकवनार. त्याचं डोकं हाय का माशाची पाटी? किती भरायचं त्यात?"

हा प्रश्न त्या बाईने आम्हांस विचारला खरा. पण तो विचारावयास हवा होता मुंबईच्या मंत्रालयात. तेथे तो वेळेवर कोणी विचारला नाही, म्हणूनच २०२५ साली महाराष्ट्राला एक विचित्र नाटक पाहावे लागले. त्या नाटकावर पडदा पडला आहे असे समजून स्वस्थ बसणे आम्हांस धोक्याचे वाटते. म्हणून या प्रश्नाचा आज थोड्या विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

घटनाक्रम वाचकांच्या स्मरणात असेलच. तरीही तो एकदा सलग मांडणे बरे. १६ एप्रिल २०२५ रोजी राज्य शासनाने निर्णय काढला, की मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून अनिवार्य राहील. महाराष्ट्रभर विरोध उठला. शासनाच्याच भाषा सल्लागार समितीचे अध्यक्ष श्री. लक्ष्मीकांत देशमुख यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून हा निर्णय मागे घ्यावा असे कळविले. तेव्हा 'अनिवार्य' या शब्दाला स्थगिती दिल्याचे शिक्षणमंत्र्यांनी जाहीर केले. १७ जूनला दुसरा निर्णय आला. त्यात हिंदी 'सर्वसाधारणपणे' तिसरी भाषा असेल असे म्हटले होते. एखाद्या इयत्तेतील किमान २० विद्यार्थ्यांनी दुसरी भारतीय भाषा मागितली, तर ती शिकविण्याची सोय होणार होती. लोकांचे समाधान झाले नाही. अखेर २९ जून रोजी दोन्ही निर्णय रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. आधी निर्णय, मग विरोध, मग माघार आणि शेवटी विचार करण्यासाठी समिती, असा हा क्रम आहे. आधी कळस मग पाया, ही म्हण आमच्या पूर्वजांनी बहुधा अशाच प्रसंगासाठी करून ठेविली असावी.

आम्हांला हिंदीविषयी आकस नाही, हे प्रथमच स्पष्ट करितो. महाराष्ट्रात पाचवीपासून हिंदी शिकविली जात आहे आणि त्याबद्दल कोणाही शहाण्या पालकाने कधी आरडाओरडा केला नाही. हरिहरेश्वराचा मुलगा पर्यटकांशी हिंदी बोलतो, चित्रपटांतील हिंदी त्याच्या कानावर पडते. ती त्याला वाऱ्यावर आल्यासारखी येते. तेव्हा मूळ मुद्दा भाषेचा नाही, वयाचा आहे. सहा वर्षांच्या मुलाने एकाच वेळी किती भाषा लिहावयास, वाचावयास व परीक्षेस बसून सिद्ध करावयास शिकाव्या, एवढाच खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर नव्याने शोधण्याची गरज नव्हती. १९६४ ते १९६६ या काळात डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने देशभर फिरून यावर विचार केला होता. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्याच कोल्हापूर भागातील. या आयोगाने त्रिभाषा सूत्र नाकारले नाही. पण त्याच्या पायऱ्या आखून दिल्या. प्राथमिक शाळेच्या खालच्या इयत्तांत एकच भाषा, ती मुलाची मातृभाषा वा प्रादेशिक भाषा असावी. वरच्या प्राथमिक इयत्तांत दोन. आणि त्यापुढे माध्यमिक टप्प्यावर तीन. पुढे २०२० साली आलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आणि कोणतीही भाषा कोणत्याही राज्यावर लादली जाणार नाही असेही लिहून ठेविले. त्या धोरणाला अनुसरून २०२३ मध्ये तयार झालेल्या शालेय अभ्यासक्रमाच्या राष्ट्रीय आराखड्यात तिसरी भाषा सहावीपासून धरली आहे. म्हणजे दिल्लीच्या धोरणाचा हवाला देऊन मुंबईने जे केले, ते दिल्लीच्या आराखड्यातही नव्हते!

यावर दोन युक्तिवाद केले गेले. त्यांना बगल देणे योग्य होणार नाही.

पहिला असा, की लहानपणी मुले भाषा झपाट्याने उचलतात. धोरणातही तसे म्हटले आहे. हे खरेच आहे. पण भाषा कानाने उचलणे आणि भाषा विषय म्हणून शिकणे या दोन गोष्टी एक नव्हेत. मूल अंगणात खेळताना शेजारच्या मुलाची भाषा उचलते, तेव्हा तेथे फळा नसतो, वही नसते आणि चुकले तर लाल शाईही नसते. ज्यांना लहान मुलांना अनेक भाषा ऐकवावयाच्या आहेत त्यांनी जरूर ऐकवाव्या. गाणी म्हणून घ्यावी, गोष्टी सांगाव्या. त्यासाठी शासननिर्णय, पाठ्यपुस्तक आणि गुणपत्रिका लागत नाही.

दुसरा युक्तिवाद असा, की मराठी व हिंदी या दोहोंची लिपी एकच असल्यामुळे मुलावर भार पडणार नाही. हे ज्यांनी म्हटले त्यांनी पहिलीचा वर्ग एकदा तरी घ्यावा. लिपी एक आहे म्हणूनच घोटाळा अधिक. मराठीत 'शक्ती' दीर्घ, हिंदीत 'शक्ति' ऱ्हस्व. मराठी 'चांदणे' आणि मराठी 'चंद्र' यांतील 'च' चे दोन उच्चार मुलाला कसेबसे उमगतात न उमगतात, तोच हिंदीत त्यातला एक नाहीसा होतो. आमच्या भाषेत 'अभ्यास' म्हणजे अध्ययन, तिकडे तो सराव. आमच्याकडे 'चेष्टा' म्हणजे थट्टा, तिकडे प्रयत्न. आणि तिकडे ज्याला 'शिक्षा' म्हणतात ते इकडे शिक्षण! सहा वर्षांच्या मुलाला शाळेत शिक्षा मिळते असे त्याने घरी येऊन सांगितले, तर आईने आनंद मानावा की धास्ती घ्यावी?

येथे आम्हांस आमच्याच आयुष्यातील एक प्रसंग सांगणे भाग आहे. लेखणी हाती येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे खडू हाती धरला होता. किनाऱ्यावरील एका गावच्या शाळेत कोळीवाड्यातला एक मुलगा आमच्या वर्गात होता. 'पाणी' हा शब्द तो 'पानी' असा म्हणे, 'डोळा' ऐवजी 'डोला' म्हणे; त्याच्या घरी तसेच बोलत. आम्ही नवखे, उत्साही, शुद्धतेचे अभिमानी. दर वेळी त्याला थांबवून 'पाणी म्हण, पाणी' असे सांगत असू. वर्ग हसे. आठ-दहा दिवसांनी त्याने बोलणेच सोडले. त्याला माशांची पंचवीस-तीस नावे तोंडपाठ होती, कोणता मासा कोणत्या महिन्यात कोठे मिळतो हे ठाऊक होते. यांपैकी एकही गोष्ट त्याने नंतर वर्गात उच्चारली नाही. दोष त्याचा नव्हता, शाळेचाही नव्हता. तो आमचा होता, आणि तो आम्ही आज इतक्या वर्षांनी कबूल करितो. आता कल्पना करा की त्याच मुलाला पहिलीत हिंदीही आहे. मराठीच्या तासाला 'पानी' चूक, पुढच्या तासाला 'पानी' बरोबर! कोणते 'पानी' कोणत्या तासाला म्हणावे हे लक्षात ठेवण्यातच त्या बिचाऱ्याची सारी बुद्धी खर्ची पडली असती.

शिवाय श्रीवर्धन-म्हसळ्याच्या पट्ट्यातील मूल एका भाषेचे नसतेच. कोळ्यांची बोली वेगळी, कोकणी मुसलमानांची कोकणी वेगळी, कातकऱ्यांची कातकरी वेगळी. उर्दू माध्यमाच्या शाळेत जाणारे मूल घरी कोकणी बोलते, शाळेत उर्दू शिकते, २०२० च्या कायद्याप्रमाणे मराठी शिकते आणि जोडीला इंग्रजी असतेच. कातकरी मुलांची कथा तर याहून कठीण. आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर वा कोळशाच्या भट्टीवर गेले की शाळा निम्म्या वर्षावर सुटते. अशा मुलांना दोन भाषांचे ओझे आहे असे मानून मंत्रालयात तिसरी ठरविली जाते. प्रत्यक्षात ती चौथी असते.

आणि शिकविणार कोण? शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक धरले आहेत. वाडीवस्तीवरच्या शाळेत हे दोघे मिळून चार-पाच इयत्ता सांभाळतात. एका भिंतीवर पहिली-दुसरी, समोरच्या भिंतीवर तिसरी-चौथी, हे दृश्य कोकणात नवे नाही. १७ जूनच्या निर्णयातील विकल्पाची अट तर येथे निव्वळ थट्टा ठरते. एका इयत्तेत २० मुलांनी दुसरी भाषा मागावी, असे तो निर्णय म्हणत होता. कोकणातील कित्येक वाड्यांवर साऱ्या शाळेच्या पटावर २० मुले नाहीत! मुंबई-पुण्याच्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून नियम करावा आणि तो डोंगरकिनाऱ्यांवरच्या शाळांना लावावा, याला आम्ही धोरण म्हणत नाही.

दरम्यान ज्यासाठी शाळा काढली त्याचे काय? २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातील सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी केवळ २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. दर चार मुलांतील तीन मुले एका भाषेत वाचू शकत नसताना त्यांच्या दप्तरात आणखी एक पुस्तक घालणे म्हणजे पुढे पाठ, मागे सपाट.

येथवर पालकांची बाजू आम्ही मांडली. पण पालक म्हणतील ते सर्व खरे, असेही आम्हांस म्हणावयाचे नाही. वाचकांची क्षमा मागून आता त्यांनाही चार गोष्टी सांगतो.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून झालेला गदारोळ आठवावा. त्या पुस्तकात संख्यावाचनाची एक जादा रीत दिली होती. 'सत्तावीस' बरोबर 'वीस सात' असेही म्हणावे, असे त्यात होते. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर या गणिताच्या व्यासंगी, मुलांविषयी कळकळ असलेल्या. मराठी संख्यानामांतील जोडाक्षरे आणि उलटा क्रम लहान मुलांना अवघड जातो, म्हणून ही सोय. जुनी नावे आम्ही काढलेली नाहीत, असे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. ऐकले कोणी? विधानसभेत विनोद झाले, वर्तमानपत्रांत व्यंगचित्रे आली, आणि मराठी भाषा बुडाली असा आक्रोश घरोघरी झाला. डॉ. नारळीकर २०२३ मध्ये निवर्तल्या. त्यांचा मूळ प्रश्न मात्र अजून उत्तराची वाट पाहत आहे.

प्रश्न असा : २७ लिहिताना मूल आधी २ लिहिते, मग ७. वाचताना मात्र आधी सात म्हणते, मग वीस. २९ ला तर 'नऊ' चा पत्ताच नाही. तीसला एक उणे म्हणून एकोणतीस. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत अशा आठ संख्या, आणि नव्व्याण्णवला आल्यावर तोही नियम मोडतो. आपण हे सारे लहानपणी घोकंपट्टीने गिळले, म्हणून ते सोपे वाटते. नॉर्वे देशातही जुन्या रीतीने 'एक आणि वीस' असे म्हणत. तेथील शासनाने १९५१ साली शाळांसाठी आणि सरकारी व्यवहारासाठी 'वीस-एक' ही रीत स्वीकारली. दूरध्वनीचे क्रमांक सांगताना घोटाळे होत, हे त्यामागचे एक कारण होते. जुनी रीत तेथील घरांतून अजून ऐकू येते. त्यामुळे त्यांची भाषा बुडाली असे कोणी म्हणत नाही. 'वीस सात' ही रीत मराठीत चालावीच, असा आमचा आग्रह नाही. आमचे म्हणणे एवढेच, की 'आमच्या वेळी असे नव्हते' हा शिक्षणशास्त्रातील पुरावा नव्हे. हरिहरेश्वरच्या त्या बागाईतदार आजोबांनाही आम्ही हेच सांगितले. ते हसले, पण पटले असे त्यांनी म्हटले नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात पहिलीच्या मराठी पुस्तकातील एका कवितेत हिंदी-इंग्रजी शब्द आहेत, म्हणून असाच कोलाहल झाला. कवितेच्या निवडीवर मतभेद असू शकतो आणि पालकांनी तो जरूर व्यक्त करावा. परंतु तो कोलाहल करणाऱ्यांपैकी कितीजणांची मुले ते पुस्तक वापरीत होती, असा एक साधा प्रश्न आमच्या मनात तेव्हाही आला होता.

आणि येथेच या शहरातील सुशिक्षित मध्यमवर्गीय वाचकाशी आम्हांस थोडे परखड बोलावयाचे आहे. हिंदीच्या सक्तीविरुद्ध आपण सभा गाजविल्या, योग्यच केले. पण २००० साली शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे यांच्या कारकीर्दीत मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी आले, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांनी सुटकेचा निःश्वास टाकिला. जी भाषा मुंबई राज्यात एकेकाळी आठवीपासून होती, मग पाचवीपासून झाली, ती पहिलीत येऊन बसली. तेव्हा सहा वर्षांच्या डोक्याचा भार आपल्याला दिसला नाही. इतकेच नव्हे, तर आपली मुले आपण तत्पूर्वीच मराठी शाळेतून काढून इंग्रजी माध्यमात नेली. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला म्हणून आपण पेढे वाटले, आणि ते वाटताना नातवाला सांगितले, 'आजोबांना थँक यू म्हण!' पालकाने मुलाच्या शाळेचे माध्यम निवडावे, हा त्याचा हक्क २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्या प्रकरणात मान्य केला आहे. तो आम्ही नाकारीत नाही. पण हक्क बजावताना जो न्याय हिंदीला लाविला, तोच इंग्रजीला लाविला पाहिजे. नाहीतर आपली तक्रार मुलाच्या भाराविषयी नसून आपल्या आवडीनिवडीविषयी आहे, असे कोणी म्हटले तर आपल्याजवळ उत्तर नाही.

मुलाच्या हिताचा विचार कसा करावा, याचे धडे आपल्याच मातीत आहेत. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा केला. पुढे १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, या साध्या विचारातून त्यांनी व अनुताई वाघ यांनी अंगणवाडी घडविली. शंखशिंपले, बिया, पाने हेच तेथील शिक्षणाचे साहित्य. घरची बोली ही शिकण्याची पहिली पायरी आहे, तो काही दोष नव्हे, हे त्यांनी आदिवासी मुलांत बसून ओळखले होते. आम्ही त्या कोळी मुलाला गप्प करण्यापूर्वी कोसबाडला एक फेरी मारून आलो असतो, तर बरे झाले असते.

आणि बहुभाषी व्हावयाचे असेल, तर याच रायगड जिल्ह्याचे, पूर्वीच्या कुलाब्याचे, उदाहरण आहे. पेणजवळच्या गागोद्यात १८९५ साली जन्मलेले विनोबा भावे किती भाषा जाणत याची मोजदाद करणे कठीण. पण त्यांची सर्वांत लोकप्रिय कृती कोणती? आईला संस्कृत गीता कळेना, म्हणून मराठीत उतरविलेली 'गीताई'. अनेक भाषांचे हे झाड एका मुळावर उभे होते. मूळ घट्ट होऊ द्या, फांद्या आपोआप फुटतील.

मुलांनी काय शिकावे याविषयी पालकांनी बोलावे, ही कल्पनाही परदेशी नव्हे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुले यांनी प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे असावे ही मागणी तर केलीच. शिवाय शेतकऱ्यांच्या मुलांना मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य व नीती शिकवावी असेही सांगितले. ज्यांची मुले शिकणार त्यांच्या आयुष्याशी शिक्षणाचा सांधा जुळावा, हे त्यामागचे तत्त्व. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने याच श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरील सुपारीच्या बागा झोपविल्या, घरांची नि शाळांची छपरे उडविली. त्या वादळातून गेलेल्या मुलाच्या पुस्तकात वाऱ्याचा, भरतीचा, सुपारीच्या झाडाचा धडा त्याच्या भाषेत असावा, ही अपेक्षा गैरवाजवी म्हणता येईल काय? तिसऱ्या भाषेच्या वादात हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

तो विचारण्याची जागा कायद्याने दिलेली आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या २१ व्या कलमानुसार सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या सभासद स्त्रिया. म्हणजे टोपली टेकवून आमच्याशी बोलणाऱ्या त्या बाईला तेथे बसण्याचा कायदेशीर अधिकार आहे. प्रत्यक्षात या समित्यांच्या सभा पुष्कळ ठिकाणी सहीपुरत्या होतात, हे शिक्षक खाजगीत कबूल करितात. शहरातील विनाअनुदानित शाळांत पालक-शिक्षक संघ असतात. तेथे फीची चर्चा होते, गणवेशाची होते, सहलीची होते. 'माझे मूल वर्गात बोलते का? वाचलेले त्याला कळते का?' हे दोन प्रश्न विचारणारा पालक विरळा. पालकांची काळजी रस्त्यावर एकदा गर्जून थांबू नये. ती दर महिन्याला शाळेच्या सतरंजीवर बसावी, असे आम्हांस वाटते.

शासनाकडेही आमचे मागणे अवाजवी नाही. पहिली ते चौथी लेखन-वाचनाचा भर एका भाषेवर, मुलाच्या भाषेवर, असावा. दुसरी भाषा तेथे कानांसाठी असावी, गुणपत्रिकेसाठी नसावी. आणि हा न्याय इंग्रजीलाही लागू असावा. तिसरी भाषा राष्ट्रीय आराखडा सांगतो त्याप्रमाणे पुढच्या टप्प्यावर यावी. अभ्यासक्रमात बदल करावयाचा असेल, तर त्याची कारणे निदान एक वर्ष आधी मराठीत, साध्या भाषेत, प्रत्येक शाळेच्या समितीपुढे ठेवावीत. एप्रिलात निर्णय आणि जूनमध्ये शाळा, ही घाई सहा वर्षांच्या मुलासाठी कोणालाच शोभत नाही. आणि वाडीवरच्या शाळेत बोली जाणणारा शिक्षक मिळेल अशी तजवीज करावी. समित्या येतील, अहवाल देतील. या चार गोष्टींसाठी कोणत्याही अहवालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

हरिहरेश्वराहून निघताना आम्ही बागमांडल्याच्या धक्क्यावर वेशवीला जाणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहत होतो. सावित्री नदी तेथे समुद्राला मिळते. धक्क्यावर सात-आठ वर्षांचा एक मुलगा लहान भावाला पाणी दाखवून काही सांगत होता. आता पाणी चढते आहे, मग ते थांबेल, मग उतरेल, असे त्याच्या बोलण्याचे सार. 'पानी' असाच शब्द त्याच्या तोंडी होता. धाकटा त्याच्या तोंडाकडे पाहत होता आणि त्याला सारे समजत होते. आम्ही त्या मुलाला या वेळी दुरुस्त केले नाही.

त्या मुलाला पुढे हिंदी येईल, इंग्रजी येईल, यायलाच हवी. पण त्याच्या पाटीवर पहिली ओळ कोणी लिहावी, हा अधिकार आधी त्याच्या आईचा आहे, मग त्याच्या शिक्षकाचा, आणि शासनाचा त्यानंतर. शासनाने हा क्रम २०२५ साली उलटा केला आणि त्याचे फळ पाहिले. आता निदान ओहोटी पाहून पाऊल टाकावे.